जवळची वाट: एक शेख, दोन 'ये' आणि कळफलकाचा इतिहास

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. दुपारी एका मुलाचे वडील भेटायला आले. मुलाचा प्रवेश झालेला, फी भरलेली, पण संगणकातल्या उर्दू यादीत त्याचे नाव सापडत नव्हते. ते म्हणाले, "सर, आत्ताच बघून घ्या. नंतर कागदपत्रांचा घोळ नको."

नावातल्या चुकीची आपल्या घरांत काय धास्ती असते, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शेक. कुठे मोहम्मद, कुठे महंमद, कुठे नुसतेच 'मो.'. एका वेलांटीमुळे शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो आणि बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

रात्री जेवणे झाल्यावर कामोठ्यातल्या घरी मी ती यादी उघडून बसलो. शोधायच्या चौकटीत उर्दूत 'शेख' लिहिले. बरेच शेख सापडले, हा मुलगा नाही. मग डोळ्यांनी एकेक ओळ वाचत गेलो, तर चौथ्या पानावर तो होता. नाव स्वच्छ लिहिलेले, 'शीन, ये, ख़े'. माझ्या डोळ्यांना त्या शेखमध्ये आणि बाकीच्या शेखांमध्ये काडीचा फरक दिसत नव्हता. संगणकाला मात्र दिसत होता.

कारण 'ये' दोन आहेत. उर्दू-फारसीचा 'ये' वेगळा आणि अरबीचा 'ये' वेगळा. शब्दाच्या शेवटी आला तर अरबी 'ये'खाली दोन नुक्ते दिसतात, उर्दू 'ये'खाली दिसत नाहीत. पण शब्दाच्या मधोमध दोघांचे रूप अगदी एक. युनिकोडमध्ये अरबी 'ये'चा क्रमांक १६१० आणि उर्दू 'ये'चा १७४०. कोणीतरी अरबी कळफलकावर ही नावे टाइप केली होती, आणि यादीतले शेख दोन जमातींत वाटले गेले होते.

आदल्या वर्षी असाच घोळ आम्ही दोघा शिक्षकांनी माउस सरकवत, एकेक नाव खोडत आणि पुन्हा लिहीत, दोन दुपारी घालवून निस्तरला होता. या वेळी मी एक ओळीचा हुकूम दिला: सगळ्या फाइलमध्ये जिथे जिथे १६१० असेल तिथे १७४० कर. बोट उचलायच्या आत यादी दुरुस्त.

हा हुकूम ज्या संपादकात दिला, त्याचे नाव व्हिम. त्याला माउस लागत नाही. सगळे काम कळफलकावरच चालते. गेली काही वर्षे मी त्यात उर्दू-मराठी शब्दसंग्रह, प्रश्नपत्रिका आणि हे लेखही लिहितो. त्याच्या छोट्या छोट्या युक्त्या सांगाव्यात म्हणून लेखणी हातात घेतली, पण त्या युक्त्यांचा इतिहास इतका रंजक निघाला की आधी तोच सांगावा लागेल.

संथ तारेवरचा शोध

१९६९च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबमध्ये केन थॉमसन यांनी 'एड' नावाचा संपादक लिहिला. तेव्हा संगणकाला पडदा नसायचा. टेलिटाइप नावाचे यंत्र असायचे, त्यावर टाइप करायचे आणि उत्तर कागदावर ठोकून यायचे. वेग सेकंदाला दहा अक्षरे. त्याच्या कळा इतक्या जड की लांबलचक शब्द टाइप करणे म्हणजे बोटांना व्यायाम. म्हणून हुकूम एका अक्षराचे ठेवले. 'डी' म्हणजे ओळ काढ, 'पी' म्हणजे छापून दाखव, 'एस' म्हणजे एकाच्या जागी दुसरे घाल. मी शेखांची यादी ज्या 'एस'ने दुरुस्त केली तो याच वंशातला.

१९७६मध्ये बर्कले विद्यापीठातला बिल जॉय हा विद्यार्थी याच घराण्यातला, पण पडद्यावर चालणारा संपादक लिहू लागला. त्याला पुढे 'व्ही-आय' हे नाव पडले. त्याच्याकडे टर्मिनल होते लिअर सीगलर कंपनीचे एडीएम-३ए, आणि टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडणारा मोडेम होता ३०० बॉडचा. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी मावत, एकूण १९२० अक्षरे. गुणाकार करून पाहा. पूर्ण पडदा एकदा नव्याने रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर काम करणारा माणूस एकही जादा अक्षर पाठवणार नाही.

त्या टर्मिनलच्या कळफलकाला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार कळांवरच डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जाणारे बाण छापलेले होते. बिल जॉयने त्याच कळा घेतल्या. टर्मिनल केव्हाच भंगारात गेले, पण आजही व्हिममध्ये 'जे' दाबले की खाली आणि 'के' दाबले की वर जाता येते. त्यात सोय अशी की बोटे मधल्या ओळीवरून हलत नाहीत. 'एस्केप'ची कळ वारंवार लागते याचे कारणही तेच. त्या कळफलकावर ती आज 'टॅब' असतो तिथे, करंगळीच्या जवळ होती. आपल्या कळफलकावर ती लांब कोपऱ्यात गेली आणि करंगळीला उगाच तंगडतोड करावी लागते.

व्ही-आयला नवशिके वैतागतात ते एका गोष्टीमुळे. त्याच्या दोन अवस्था आहेत. एका अवस्थेत कळा अक्षरे लिहितात, दुसरीत त्याच कळा हुकूम देतात. 'आय' दाबून लिहायला लागायचे, 'एस्केप' दाबून थांबायचे. आपण लिहिताना तरी वेगळे काय करतो? लेखणी टेकवून लिहितो, मग ती उचलून वाचतो, खोडतो, बाण काढून शब्द वर घेतो. लिहिण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त वेळ जातो, हे दहावीच्या निबंधांचा गठ्ठा तपासणाऱ्याला विचारा.

क्रियापद आधी की कर्म आधी?

भाषा शिकवणाऱ्याला या हुकुमांत एक व्याकरण दिसते. 'डी' म्हणजे काढ, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. 'डीडब्ल्यू' म्हणजे शब्द काढ. 'सी' म्हणजे बदल, म्हणून 'सीडब्ल्यू' म्हणजे शब्द बदल. 'वाय' म्हणजे नक्कल घे, 'पी' म्हणजे चिकटव. मध्ये आकडाही घालता येतो: 'डी-३-डब्ल्यू', तीन शब्द काढ. दहा क्रियापदे आणि दहा कर्मे पाठ केली की शंभर वाक्ये तयार. अरबी वाक्य बहुधा असेच क्रियापदापासून सुरू होते. मदरशात 'ज़रब' आणि 'नसर'ची रूपे घोकलेल्याला हे परके वाटणार नाही.

माउसची रीत उलटी. तिथे आधी मजकूर निवडायचा, मग काय करायचे ते सांगायचे. कर्म आधी, क्रियापद शेवटी, म्हणजे आपल्या मराठी-उर्दूचा क्रम. या रीतीमागचे एक मोठे नाव लॅरी टेस्लर. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कापणे, नक्कल आणि चिकटवणे यांची आजची पद्धत घडवली. पुढे ॲपलच्या यंत्रांनी त्यासाठी झेड, एक्स, सी आणि व्ही या शेजारशेजारच्या कळा रूढ केल्या. टेस्लर यांना दोन अवस्थांच्या संपादकांचा इतका राग होता की त्यांच्या गाडीच्या पाटीवरही 'नो मोड्स' असे लिहिलेले होते. २०२०मध्ये ते वारले. आज एमएस-सीआयटीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते 'कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही' त्यांच्याच परंपरेतले.

मला दोन्ही रीती मान्य आहेत. पण एमएस-सीआयटीत आम्हाला माउस जितका शिकवला तितका कळफलक शिकवला नाही, ही माझी तक्रार आहे. मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देणारी मुले बोटे वळवतात ती हुबेहूब नक्कल उतरवण्यासाठी. दुरुस्तीसाठी बोटे कशी वळवायची, हे कुठल्याच परीक्षेत नाही.

मोडी, शिकस्ता आणि कातिब

हात वाचवण्याची ही कला अमेरिकेतच जन्मली असे मानायचे कारण नाही. आपल्या मोडीचा जन्मच त्यासाठी. आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढायची आणि मग लेखणी कमीत कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ नाही, शब्दांत अंतर नाही. वर संक्षेप: राजश्रीचे 'रा॥', मुक्कामाचे 'मु॥'. त्याच दफ्तरांत फारसी लिहिणारे मुन्शी 'शिकस्ता' वळण वापरत. शिकस्ता म्हणजे मोडलेले. नस्तालीकची नजाकत मोडून वेगाने लिहिलेला हात. दोन भाषांचे कारकून शेजारी बसून एकच प्रश्न सोडवत होते: हुकूम निघायच्या आत कागद तयार कसा करायचा?

या वेगाची किंमतही होती. मोडी वाचणारे कमी झाले आणि घरोघरच्या जमिनीच्या कागदांना वाचक उरला नाही. लिहिणाऱ्याने वाचवलेला वेळ वाचणाऱ्याने भरला. संक्षेपाचा हा धडा पुढे कामाला येईल.

उर्दूची अडचण वेगळी. नस्तालीकमध्ये अक्षर एकटे नसते. शेजारी कोण आहे त्यावर त्याचे रूप ठरते, आणि शब्द वरून खाली तिरका उतरतो. टाइपरायटरच्या सरळ ओळीत ते बसत नाही. म्हणून मराठी छापखान्यांत खिळे जुळवले जात होते तेव्हाही उर्दू दैनिके कातिबांच्या हातावर चालत होती. मुंबईचा 'इन्किलाब' १९३८मध्ये सुरू झाला तोही कातिबांच्याच जिवावर. चेन्नईचा 'द मुसलमान' १९२७पासून निघतो आणि त्याची ओळख हाताने लिहिलेले दैनिक हीच राहिली. बातमी वाढली तर अक्षर बारीक करायचे, शब्द शब्दावर चढवायचा, मजकूर चौकटीत बसवायचा. कातिब हाच त्या काळाचा संपादक, आणि त्याच्या युक्त्या मनगटात होत्या.

१९८१मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' सिद्ध केले. त्यांनी अक्षरे नाही, तर अक्षरांचे जोड लिहून काढले, वीस हजारांच्या आसपास. त्या वर्षी लाहोरचा 'जंग' त्यात निघाला. १९९४मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे 'इनपेज' आले आणि हे वळण साध्या संगणकावर उतरले. उर्दूचा छापखाना घरात आला. त्याच दिवशी कातिबाची चटई गुंडाळली गेली. काहींनी इनपेज शिकून घेतले, काहींच्या हाताला लग्नपत्रिका आणि मशिदींचे फलक एवढेच काम उरले.

दोन लिपींना मिळालेल्या कळा

मराठीला टाइपरायटर होता. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि मराठी कळफलक कोर्ट-कचेऱ्यांच्या ओसरीपर्यंत पोचला. पण टाइपरायटरची मांडणी यंत्राच्या सोयीने होती. अर्धे अक्षर वेगळे, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने अक्षराआधी.

१९८६मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी ठरवली. १९९१च्या 'इस्की' मानकात ती पक्की झाली आणि पुण्याच्या सी-डॅकने ती देशभर नेली. तिचा विचार सुंदर आहे. डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजने. 'के' कळेवर क, शिफ्टसह ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. डावीकडची कळ साधी दाबली की काना-मात्रा, शिफ्टसह पूर्ण स्वर. 'डी' म्हणजे हलन्त, म्हणजे जोडाक्षराची चावी. जसे उच्चारतो तसे टाइप करायचे, बाकी यंत्र पाहून घेईल. शिवाय हीच मांडणी गुजराती, बंगाली, तमिळलाही चालते.

उर्दूला नाही. इस्की ब्राह्मी कुळातल्या लिपींसाठी होती. उर्दू, सिंधी, काश्मिरीसाठी 'पास्की' नावाची वेगळी संहिता झाली, आणि लोकांनी प्रत्यक्षात उचलले ते इनपेज. त्यामुळे माझ्यासारख्याला दोन मांडण्या पाठ कराव्या लागतात. उर्दूसाठी मी ध्वनीवर आधारलेला फोनेटिक कळफलक वापरतो. योगायोगाने 'के' ही कळ तिन्ही भाषांत क-च देते. 'जे' मात्र मराठीत र आणि उर्दूत जीम. पहिले काही महिने माझे 'रमजान' भलतेच काही होत असे.

खरा अडसर कळांचा नव्हता, तिजोऱ्यांचा होता. इनपेजच्या जुन्या फाइली इनपेजशिवाय उघडत नसत. मराठीतही श्रीलिपी, कृतिदेव अशा प्रत्येक घराण्याची आपली आपली अक्षरसंहिता. फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. कितीतरी मासिकांचे, स्मरणिकांचे, उर्सच्या पुस्तिकांचे मजकूर असे बंद पडून आहेत. छापील प्रत आहे, फाइलही आहे, पण त्यात एक शब्द शोधता येत नाही.

१९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या लिपींना एकाच वहीत क्रमांक मिळाले. देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीवरूनच घेतली. पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला आणि मराठी कोणत्याही संगणकावर वाचता येऊ लागली. आता उर्दू आणि मराठी एकाच साध्या मजकूर-फाइलमध्ये शेजारी बसतात. इथे व्हिमसारखा जुना संपादक पुन्हा उपयोगी पडतो, कारण त्याला साध्या मजकुराखेरीज काहीच कळत नाही.

माझ्या रोजच्या युक्त्या

आता शिक्षक मित्रांसाठी नेमके सांगतो.

व्हिम न वापरणाऱ्यांसाठी आधी तीन गोष्टी. विंडोजमध्ये 'विंडोज' आणि 'स्पेस' दाबून भाषा बदला, कोपऱ्यातल्या चित्रावर माउस नेऊ नका. उर्दू परिच्छेद उजवीकडून सुरू करायचा असेल तर उजवीकडचे 'कंट्रोल' आणि 'शिफ्ट' एकत्र दाबा. मराठीवर परत यायला डावीकडचे. आणि 'कंट्रोल-बॅकस्पेस'ने अक्षर नाही, पूर्ण शब्द जातो.

व्हिममध्ये पहिलीच ठेच अशी लागते: भाषा मराठी ठेवून 'एस्केप' दाबले आणि खाली जायला 'जे' दाबले, तर संगणकाकडे 'र' जातो. हुकूम इंग्रजी अक्षरांचे, त्यामुळे व्हिम गप्प. उपाय असा की संगणकाची भाषा इंग्रजीच ठेवायची आणि मराठीचा 'कीमॅप' व्हिमच्या आत बसवायचा. साधी मजकूर-फाइल असते, प्रत्येक ओळीत डावीकडे कळ आणि उजवीकडे अक्षर. मी इनस्क्रिप्टची फाइल एका रविवारी स्वतः लिहिली. आता लिहिताना 'कंट्रोल-६' दाबले की मराठी, पुन्हा दाबले की इंग्रजी. आणि 'एस्केप' दाबताच हुकूम आपोआप इंग्रजी होतात. मराठीत व्हिम चालवण्याचा सगळा त्रास या एका गोष्टीने गेला.

दुसरी सोय वेलांटीची. व्हिममध्ये एरवी अक्षर खोडले की मात्रा-वेलांटीसह जाते. 'डेलकम्बाइन' हा पर्याय चालू केला की एकेक चिन्ह सुटे खोडता येते. 'कि'चे 'की' करायला क पुन्हा लिहावा लागत नाही. उर्दूत ज़ेर-ज़बर चुकला तरी हीच सोय उपयोगी.

तिसरी: शंकास्पद अक्षरावर जाऊन 'जी' आणि 'ए' दाबायचे. खाली त्या अक्षराचा क्रमांक दिसतो. माझ्या शेखचा 'ये' असाच पकडला. मराठीतही असे चोर आहेत. 'कोऱ्या'तला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ऱ या वेगळ्या अक्षराने, क्रमांक २३५३, इनस्क्रिप्टमध्ये 'शिफ्ट-जे'वर. दुसरा साधा र, क्रमांक २३५२, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला जवळजवळ सारखे, पण शोधताना एक सापडतो तर दुसरा निसटतो.

चौथी: टिंब. शेवटची दुरुस्ती जशीच्या तशी पुन्हा करायची असेल तर नुसते पूर्णविरामाचे टिंब दाबायचे. एका ठिकाणी शब्द बदलला, 'एन' दाबून पुढच्या ठिकाणी गेलो, टिंब. पुन्हा 'एन', पुन्हा टिंब. तसबीहसारखी लय लागते.

पाचवी, मोडीतून आलेली: संक्षेप. व्हिमला सांगून ठेवता येते की मी अमुक दोन अक्षरे लिहिली की तू पूर्ण शब्द लिही. नबींच्या नावापुढे दुरूदाऐवजी कंसात एक अक्षर टाकून मोकळे होणे अनेक उलेमांना पसंत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही ते खटकते. मी 'सस' लिहितो, कागदावर 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम' उमटते. मोडीत संक्षेपाचा भार वाचणाऱ्यावर पडत होता, इथे तो यंत्रावर पडतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. उर्दूसाठी व्हिमची खिडकी उजवीकडून डावीकडे वळवता येते, पण मग त्याच खिडकीतली मराठी उलटी दिसते. दोन्ही लिपी एका ओळीत हव्या असतील तर मी ईमॅक्स उघडतो. १९७६मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेला हा व्ही-आयचा समवयस्क प्रतिस्पर्धी. २०१२च्या चोविसाव्या आवृत्तीपासून त्यात दोन्ही दिशांचा मजकूर एकत्र नांदतो, आणि देवनागरी इनस्क्रिप्ट त्यात आधीपासून बसवलेला आहे. 'कंट्रोल' आणि उलटी तिरकी रेघ दाबली की तो चालू होतो. व्हिमवाले आणि ईमॅक्सवाले यांचे भांडण जुने आहे. माझे दोघांशी जमते.

खानविलकरांची गंमत

एका हुकुमात सगळे बदलण्याची ताकद आली की मस्तीही येते. एकदा शाळेच्या कार्यक्रमात मराठी सहकारी नावे वाचणार होते. उच्चार नीट व्हावेत म्हणून मी यादीत नुक्ते घालत होतो: ज़ैनब, ग़फ़ूर. 'खान'चा 'ख़ान' सगळीकडे एका झटक्यात केला आणि यादी छापायला दिली. कार्यक्रमाच्या दिवशी खानविलकर आडनावाच्या एक बाई कागद घेऊन हसत आल्या. म्हणाल्या, "सर, आम्हाला पण करून टाकलंत का?" खाली एक 'ख़ानोलकर' होते, त्यांच्या लक्षात आले नव्हते.

चूक हसण्यावारी गेली, पण मी विचारात पडलो. कुठल्यातरी कचेरीत बसलेला कोणी असाच घाईत, चांगल्याच हेतूने, आपली नावे 'दुरुस्त' करत असेल. त्याला खानविलकर बाईंसारखे कोणी येऊन सांगत नाही. तेव्हापासून दोन पथ्ये पाळतो. शोधायच्या शब्दाच्या आधी आणि नंतर शब्दसीमेची खूण घालतो, म्हणजे फक्त सुटा 'खान' सापडतो. आणि हुकुमाच्या शेवटी 'सी' जोडतो, म्हणजे प्रत्येक जागी यंत्र थांबून विचारते: बदलू का? हो असेल तर 'वाय', नाही तर 'एन'. तरीही चुकलेच तर 'यू' दाबून मागे जाता येते. छापण्याआधी, अर्थात.

उघडताच दिसणारी ओळ

व्हिम हा व्ही-आयचा सुधारलेला अवतार नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी अमिगा संगणकासाठी लिहिला आणि १९९१मध्ये लोकांना दिला. फुकट. व्हिम रिकामा उघडला की पडद्यावर एक ओळ येते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. १९९४मध्ये मूलेनार युगांडातल्या किबाले या गावी स्वयंसेवक म्हणून गेले होते. तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी आणि उपचारांसाठी त्यांनी संस्था काढली. व्हिमचे मोल द्यायचे असेल तर मला नको, त्या मुलांना द्या, अशी त्यांची अट. अट म्हणजे विनंतीच. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. ती ओळ अजून येते.

माणूस गेल्यावरही ज्याचा फायदा लोकांना होत राहतो अशा कामाला आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात. मूलेनार यांचा दीन-ईमान काय होता हे विचारायची गरज मला कधी वाटली नाही. त्यांच्या यंत्रावर कामोठ्यात बसून मी एका मुलाचे नाव शोधले, एवढे मला पुरे आहे.

तो मुलगा आता सहावीत आहे. त्याचा शेख बाकीच्या शेखांबरोबर एकाच क्रमांकाने लिहिला जातो आणि शोधला की सापडतो. त्याच्या वडिलांना 'ये'ची भानगड मी सांगितली तेव्हा त्यांना फारशी कळली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सर, हे तुम्ही मुलांना पण शिकवता ना?"

तेव्हा शिकवत नव्हतो. यंदापासून शनिवारचा एक तास त्यासाठी ठेवला आहे. पहिल्या तासाला माउस बाजूला ठेवतो आणि प्रत्येकाला आपले नाव दोन्ही लिपींत टाइप करायला लावतो. मग अक्षरावर जाऊन 'जी', 'ए' दाबायचे आणि आपल्या नावातल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक वहीत लिहून घ्यायचा.